सहा महिन्यांचा पोप

“नीट बघा, वैद्यबुवा,” कार्डिनल गुइडो म्हणाले आणि आपलं शौचाचं भांडं त्यांनी माझ्या नाकाखाली आणलं. “बेरारच्या माणसांनी मला विष घातलंय. आहे की नाही, एवढंच सांगा.”

मी वाकून बघितलं. माझं कामच ते होतं.

“विष नाही, स्वामी. बदाम आहेत.”

बदामांचं नाव ऐकून शेजारच्या पडद्याआडून दोन डोकी बाहेर आली. नवा पोप लवकर ठरावा म्हणून गावाने आत कोंडलेल्यांचं जेवण तोडून नऊ दिवस झाले होते. माणशी एक पाव आणि सुरईभर पाणी, यापलीकडे भिंतीतल्या खिडकीतून काही आत येत नव्हतं. आणि रोममधल्या सगळ्यात जुन्या घराण्यातला हा पुरुष, उद्या देवाचा प्रतिनिधी होऊन जगाला आशीर्वाद द्यायला निघालेला, गादीखाली बदामांची पिशवी दडवून पांघरुणात तोंड घालून कुरतडत बसला होता.

“हळू बोला,” ते पुटपुटले आणि त्यांनी मूठभर बदाम माझ्या तळहातावर ठेवले.

मी खाल्ले. मलाही भूक लागली होती.

आमचं गाव मोंतेराल्दो. डोंगरावरचं, वाऱ्याचं, मेंढ्यांचं. आधीचा पोप रोमच्या उन्हाळ्याला कंटाळून हवापालटाला आमच्याकडे आला आणि आमच्याकडेच मेला. पोप जिथे मरेल तिथेच पुढचा निवडायचा, असा नियम होता. त्यामुळे जून लागता लागता अकरा कार्डिनल, म्हणजे आपल्यातूनच पोप निवडणारे धर्मगुरू, बिशपच्या महालात शिरले, गावाने खालचं दार विटांनी चिणून घेतलं आणि सगळे म्हणाले, आठ दिवसांत होऊन जाईल.

ऑगस्ट निम्मा सरला तरी झालं नव्हतं. पोप व्हायला तीनातली दोन मतं लागतात. अकरांपैकी एक हगवणीने गेला, उरले दहा. म्हणजे सात मतं हवीत. गुइडोंच्या बाजूला पाच. फ्रान्सच्या राजाचं मीठ खाणाऱ्या कार्डिनल बेरारच्या बाजूला चार. रोज सकाळी प्रार्थना व्हायची, पवित्र आत्म्याला हाक मारली जायची, चिठ्ठ्या टाकल्या जायच्या आणि पाच नि चार मोजून सगळे पुन्हा आपापल्या पडद्याआड जाऊन एकमेकांना शिव्या घालायचे. पवित्र आत्मा मोंतेराल्दोचा चढ चढून आलाच असेल, तर त्या दालनाचा वास घेऊन उंबऱ्यावरूनच माघारी फिरला असणार.

मी आत कसा अडकलो, तेही सांगतो. हगवण सुरू झाली तेव्हा त्यांचा स्वतःचा वैद्य पहिल्या तडाख्यात गेला. गावात दुसरा वैद्य मी एकटा. पहाऱ्याचा नायक रानिएरी हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो घरी येऊन म्हणाला, “तीन दिवसांचं काम आहे, दाजी. औषध द्यायचं, परत यायचं.” वरच्या मजल्याच्या खिडकीला शिडी लावली होती. मी निम्मी शिडी चढलो तेव्हा त्याने खालून सांगितलं, “एक राहिलं, दाजी. आत गेलेल्याला पोप ठरेपर्यंत बाहेर येता येत नाही. कायदाच आहे तसा.”

माझी बायको तेस्सा तेव्हा सातव्या महिन्यात होती. आमची दोन मुलं आधी जन्मतानाच गेली होती. दुसऱ्या खेपेला तीही जवळजवळ गेलीच होती. सुईणीने हात टेकले, पण मी तिचं रक्त थांबवलं, दोन दिवस तिच्या उशाशी बसून तिला परत आणलं. या खेपेला मी असणारच, असं मी तिला वचन दिलं होतं.

तीन दिवसांचे पाच आठवडे झाले.

त्या पाच आठवड्यांत मी त्या माणसांना असं पाहिलं, जसं त्यांच्या आयांनीही पाहिलं नसेल. मूळव्याध, खरूज, गळू, भीती. खिडकीजवळची जागा कुणाची यावरून दोन सत्तरीचे धर्मगुरू एकमेकांच्या दाढीला झोंबले, तेव्हा मला मध्ये पडावं लागलं. एकाने दुसऱ्याच्या पाण्यात थुंकल्याचा खटला तीन दिवस चालला, साक्षीपुराव्यासकट, लॅटिनमध्ये. माझ्या दवाखान्यात येणारे मेंढपाळ यांच्यापेक्षा कमी ओरडायचे आणि जास्त वेळा आभार मानायचे.

दहावे होते कार्डिनल ओनोरातो. वय चौऱ्याऐंशी. ते कुणाच्याच बाजूला नव्हते, म्हणून त्यांची गादी सगळ्यांनी मिळून शौचकूपाशेजारी ढकलली होती. मूळचे ते वरच्या डोंगरातल्या एका मठातले साधू. कुठल्याशा पोपला त्यांचं प्रवचन आवडलं म्हणून त्याने त्यांना कार्डिनल केलं. “तेव्हापासून मी एकही चांगलं प्रवचन दिलं नाही,” असं ते म्हणायचे.

एकदा पाय बघायला मी त्यांच्यापाशी बसलो. पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. छातीला कान लावला तर आत पाणी डुचमळत होतं.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“स्वामी...”

“नुच्चो, मी साठ वर्षं मरणाऱ्या माणसांपाशी बसलोय. मला सांग.”

“महिना. आराम मिळाला तर. नाहीतर त्याच्याही आत.”

त्यांनी मान हलवली. मग मला जवळ ओढून म्हणाले, “आजारी माणसाला इथून बाहेर जाता येतं. वैद्याने शपथेवर सांगावं लागतं, एवढंच. मला मठात जायचंय. माझ्याबरोबर दीक्षा घेतलेले तिघं तिथे पुरलेत. चौथी जागा माझी. खेचरावर बसून दोन दिवसांत पोचेन. सांगशील?”

“उद्याच सांगतो,” मी म्हणालो.

“उद्या” मी अगदी मनापासून म्हणालो होतो. हे मी अजूनही स्वतःला सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आत येताना खिडकीच्या पलीकडून रानिएरीचा आवाज आला. बोलायची परवानगी नव्हती, म्हणून तो पाव सरकवता सरकवता भराभर बोलला. “दाजी, ताईला काल संध्याकाळपासून कळा येतायत. महिनाभर आधीच. सुईण म्हणते मूल आडवं आहे. ताई म्हणते, तुम्ही असायला हवं होतं.”

“शिडी लाव.”

“शिडी लावली तर माझं डोकं जाईल, दाजी. पोप करा आणि या.”

फळी बंद झाली. मी हातात अकरा पाव घेऊन उभा राहिलो.

पाव वाटत वाटत मी गुइडोंच्या पडद्याशी आलो. ओनोरातोंची गोष्ट त्यांच्याच कानावर घालायची होती, कारण मानाने सगळ्यांत ज्येष्ठ तेच, शपथ त्यांच्यासमोर घ्यायची होती. मी म्हणालो, “स्वामी, कार्डिनल ओनोरातो फार आजारी आहेत.”

गुइडोंनी पाव तोंडातून काढला. “फार म्हणजे किती?”

“म्हणजे...”

“नाताळ बघेल का म्हातारा?”

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ओळखीचं होतं. बाजारात गाभण मेंढी घेताना गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असतं, तेच. ते पुढे सरकले आणि कुजबुजले, “मी निवडून येत नाही, हे मलाही कळतं, वैद्यबुवा. बेरारही येत नाही. पण मध्ये एखादा म्हातारा बसवला, त्याच्याकडून माझे तीन पुतणे कार्डिनल करून घेतले, आणि तो वेळेवर गेला, तर पुढल्या खेपेला बारातली आठ मतं माझी होतात. फक्त तो वेळेवर जायला हवा. लगेच नको, पुतण्यांचं व्हायला हवं. आणि लांबायलाही नको. सहा महिने. जाईल का तो सहा महिन्यांत?”

माझ्या कानात तेस्सा ओरडत होती. खरं सांगितलं असतं, एक महिना, तर हा माणूस पाव खायला परत वळला असता.

“नाताळ बघतील,” मी म्हणालो. “वसंत बघणार नाहीत.”

“नक्की?”

“सहा महिने, स्वामी. पंधरा दिवस इकडे तिकडे.”

तिथून मी बेरारकडे गेलो. मला कुणी पाठवलं नव्हतं. बेरार हा लांब, स्वच्छ, थंड माणूस. त्या घाणीतही तो रोज नखं कोरायचा.

“गुइडोने तुम्हाला एवढा वेळ का बसवून घेतलं?” त्याने नखांवरून नजर न काढता विचारलं.

“कार्डिनल ओनोरातोंच्या प्रकृतीबद्दल विचारत होते.”

नखं कोरायची थांबली. तो मूर्ख नव्हता. हिशेब मनात जुळायला त्याला दोन श्वास लागले. “त्याला मरायला टेकलेला हवाय. माझं तसं नाही. माझे राजेसाहेब समुद्रापलीकडे लढाईत आहेत, ते पुढच्या वर्षीच्या सुगीनंतर परततील. तोवर पोप जिवंत हवा. दीड वर्ष काढेल का ओनोरातो?”

“डोंगरातली हाडं आहेत, स्वामी. पाय उभं राहून सुजलेत. बाहेरची हवा आणि चांगलं अन्न मिळालं तर दोन वर्षंही काढतील.”

“गुइडोला काय सांगितलंत?”

“त्यांना हवं होतं ते.”

बेरार पहिल्यांदाच हसला. त्याचे दात फार सुरेख होते.

तो सगळा दिवस मी या पडद्यातून त्या पडद्यात करत राहिलो. गुइडोंना शंका आली, की म्हातारा जास्त टिकला तर? मी त्यांना छातीतल्या पाण्याबद्दल सांगितलं. बेरारला शंका आली, की लवकर गेला तर? मी त्याला ओनोरातोंच्या शंभरी गाठलेल्या आजीबद्दल सांगितलं. ती मी तिथल्या तिथे जन्माला घातली होती. दोघांनी शपथ मागितली. दोन्ही शपथा मी एकाच क्रुसावर हात ठेवून घेतल्या. शौचकूपाच्या बाजूला मात्र दिवसभर गेलो नाही. दोनदा तिकडून “नुच्चो” अशी हाक आली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

सकाळी प्रार्थनाघरात चिठ्ठ्या उघडल्या. ओनोरातो. ओनोरातो. ओनोरातो. नऊ वेळा. दहावी चिठ्ठी कोरी होती.

म्हातारा आपल्या बाकावर तसाच बसून राहिला. त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने दोन्ही हात वर केले. “नाही, नाही. भावांनो, मी आजारी आहे. मला बाहेर जायचंय. वैद्याला विचारा. तो सांगेल. सांग ना रे त्यांना.”

दहाही माना माझ्याकडे वळल्या. मी दाराशी उभा होतो.

गुइडो गोड आवाजात म्हणाले, “सांगा, वैद्यबुवा. पदाचं ओझं पेलण्याजोगी प्रकृती आहे का यांची?”

एक शब्द पुरेसा होता. तो गुइडोंनाही चालणार होता आणि बेरारलाही.

“आहे,” मी म्हणालो.

ओनोरातो माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखादं अक्षर लागत नसलं की म्हातारी माणसं डोळे बारीक करून बघतात, तसे. मग त्यांनी हात खाली घेतले आणि म्हणाले, “मग ठीक आहे.”

त्यांना वस्त्रं चढवायला आतल्या खोलीत नेलं. झगा आधीच्या पोपच्या मापाचा होता. तो तगडा गडी, हे काडीसारखे. टाचण्या लावायला मला बोलावलं, कारण माझ्या पिशवीत सुया होत्या. बाहेर विटा फोडायचे घाव ऐकू येत होते. आम्ही दोघंच होतो.

“मला महिना सांगितलास,” ते म्हणाले. “त्यांना काय सांगितलंस?”

मी सांगितलं. गुइडोंचे सहा महिने, बेरारचं दीड वर्ष. मग तेस्सा, आडवं मूल, आधीची दोन. बोलता बोलता एक टाचणी त्यांच्या खांद्याला लागली. त्यांनी नुसता श्वास आत घेतला.

“काल मी तुला हाक मारली होती.”

“ऐकली होती.”

“विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, नुच्चो. मग निदान ते मी दिलेलं असतं.” त्यांनी लोंबणाऱ्या बाहीत आपला हात शोधला. “जा आता. घरी जा.”

अजून धूळ खाली बसायची होती, तेव्हाच मी विटांच्या भगदाडातून बाहेर पडलो. गाव घंटा वाजवत होतं, लोक रडत होते, मला मिठ्या मारत होते. मी त्यांना ढकलत धावलो.

घरात शांतता होती. तेस्सा उशीला टेकून बसली होती आणि तिच्या छातीशी एक लालभडक, सुरकुतलेली मुलगी होती. शेजारणी चुलीशी सूप ढवळत होत्या. सुईण मला बघून म्हणाली, “आलात? काल दुपारीच झालं. पोटावरून चोळून चोळून मूल फिरवलं मी. नंतर अगदी सहज.”

रानिएरी दारात उभा होता. “काल दुपारपासून संध्याकाळपर्यंत मी खिडकीशी हाका मारत होतो, दाजी. सुखरूप झालं, एवढंच सांगायचं होतं. पहारा बदलला तरी उभा होतो. कुठे होतात तुम्ही?”

मी कुठे होतो, ते मी त्या दिवशी त्याला सांगितलं नाही. तेस्साला सांगितलं, आठवड्याने. ती ऐकून घेत राहिली. मुलीला या बाजूवरून त्या बाजूला घेतलं. एवढंच विचारलं, “त्यांना मठात जायला किती दिवस लागले असते?”

“दोन.”

मठाऐवजी त्यांना मिरवणुकीत नेलं. ऑगस्टच्या उन्हात, जरीच्या वस्त्रांत, दोन तास घोड्यावर. मग अभिषेक, मग मेजवानी, मग राजांचे वकील, मग गुइडोंचे पुतणे गुडघे टेकून. त्यांना पडून राहायला हवं होतं, आणि त्यांना पडू देणारं कुणी नव्हतं. मला एकदा बोलावणं आलं. मी तापाचं निमित्त सांगून गेलो नाही. तेराव्या दिवशी सकाळी, रोमला निघायच्या आधीच, ते सिंहासनावर बसल्या बसल्या गेले. समोर अर्ज वाचणाऱ्याला बराच वेळ कळलं नाही म्हणे. तो वाचतच राहिला. पुतण्यांचं झालं नव्हतं. राजा समुद्रापलीकडेच होता. मठातल्या साधूंनी देह मागितला तर त्यांना सांगण्यात आलं, की पोपचा देह पोपांच्या जागी जातो.

पोप जिथे मरेल तिथेच पुढचा निवडायचा. गवंड्यांनी त्याच विटा पुन्हा गोळा केल्या.

आणि रानिएरी मला न्यायला आला. या वेळी तो नजर वर करत नव्हता. “दोघांनी मिळून तुमचं नाव घेतलंय, दाजी. गुइडो आणि बेरार. एकत्र.”

दोघे एकत्र म्हणजे दोघांनी आपापले आकडे ताडून पाहिले होते. खोट्या शपथेला आमच्याकडे फाशी होती. मी पिशवी उचलली. मुलगी पाळण्यात झोपली होती. रानिएरी म्हणाला, मागच्या दाराने डोंगरात जाता येईल, तो उलट्या दिशेला बघत राहील. मी तेस्साकडे पाहिलं.

“जायचं तर जा,” ती म्हणाली. “पण या खेपेला माझ्या नावावर जाऊ नका.”

महालात तेच दालन, तोच वास. फक्त चुन्याने सारवलेलं. दार अजून चिणायचं होतं. गुइडो आणि बेरार एका बाकावर शेजारी शेजारी बसले होते. ते दोघं असे बसलेले मी आधी कधी पाहिले नव्हते.

“सहा महिने,” गुइडो म्हणाले.

“दीड वर्ष,” बेरार म्हणाला.

मी गुडघे टेकले. मानेवरून घाम उतरत होता आणि मला त्या क्षणी, खरंच, बरं वाटत होतं. निदान कुणीतरी मला लटकवणार होतं.

गुइडो हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “एका छताखाली, एका दिवसात, आम्हा दोघांना! बेरार, आपले वकील वर्षानुवर्षं हे करू शकले नाहीत!” त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. “असा माणूस या गावात कशाला सडतोय? आमच्याबरोबर चला, वैद्यबुवा. दरबाराचे वैद्य म्हणून. पोप येतील, जातील. तुम्ही राहाल.”

बेरारने सुरेख दात दाखवून मान डोलावली. “आधी हे काम उरकू. आत आणखी दोन म्हातारे आहेत. एकाला धाप लागते, एकाच्या लघवीतून रक्त जातं. या खेपेला मात्र आम्हा दोघांना एकच आकडा सांगा.”

बाहेर गवंडी गारा कालवत होते. दार अजून उघडं होतं. त्यातून गावाचा उतार दिसत होता, आणि शेवटचं घर आमचं.

या गोष्टीला आज एकवीस वर्षं झाली. मी रोममध्ये राहतो. सात निवडणुका मी आतून पाहिल्या. तेस्सा आली नाही. मुलीचं लग्न झाल्याचं मला पत्राने कळलं. त्या दिवशी मला फाशी झाली असती तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारी माणसं खोटं बोलतात, आणि खोटं मला ओळखता येतं.

त्या दिवशी मी पिशवी बाकावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि विचारलं, “किती महिन्यांचा हवाय?”